आमच्या पायाखालची जमीन तुम्ही पाहिलीच नाहीत

महाराष्ट्रातून अंदमानला येणाऱ्या माझ्या माणसांनो,



2025च्या सप्टेंबरात बॅरन बेटावरचा ज्वालामुखी आठवड्याच्या अंतराने दोनदा उफाळला. त्याचा व्हिडिओ देशभर फिरला आणि इथे पोर्ट ब्लेअरला माझ्या फोनवर तो सगळ्यात जास्त महाराष्ट्रातून आला. मावसभावाने पाठवला, शाळेतल्या मैत्रिणींनी पाठवला, आदल्या वर्षी आमच्याकडे जेवून गेलेल्या एका कुटुंबानेही पाठवला. खाली मजकूर थोड्याफार फरकाने एकच. आम्ही दिवाळीच्या सुट्टीत येतोय, तोवर चालू राहील ना? बोटीतून किती जवळ नेतात? विमानं रद्द होणार नाहीत ना?

तुम्ही सगळे बरे आहात ना, हादरे जाणवले का, असं एकानेही विचारलं नाही.

हे मनाला फार लागलं. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी, परक्यांनी विचारलं नसतं तर मी बोललेही नसते. पण तुम्ही माझी माणसं. म्हणून हे सगळ्यांना मिळून एकच पत्र, आणि तेही उघड.

मी मूळची पाटण तालुक्यातली. लग्न होऊन इथे आले, शाळेत गणित शिकवते, माझी मुलं इथेच वाढली. कोयनेच्या धक्क्यांवर वाढलेल्या मुलीला भूकंपाची ओळख करून द्यावी लागत नाही. 11 डिसेंबर 1967च्या पहाटे कोयनानगर कोसळलं, पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली, तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. पण ती पहाट आमच्या घरात दर हिवाळ्यात सांगितली जायची. आई अजूनही मांडणीवरचं भांडं वाजलं की आधी दार उघडते, मग बाकीचं. आणि तिकडे धक्का बसला की त्याची दखल घेतली जाते, हेही मी पाहिलंय. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात केंद्रबिंदू कुठे होता ते येतं, धरण सुरक्षित आहे का ते येतं. कोयनेच्या खोऱ्यात गोठण्याला शास्त्रज्ञांनी तीन किलोमीटर खोल विवर खणलंय, जमिनीच्या पोटात काय चाललंय ते बघायला. किल्लारीचं तर नावच पुरे. 30 सप्टेंबर 1993, गणपती विसर्जन करून झोपलेली गावं पहाटे ढिगाऱ्याखाली गेली. महाराष्ट्रातल्या त्या पिढीतल्या प्रत्येकाला आपण त्या सकाळी कुठे होतो ते सांगता येतं.

म्हणूनच माझी अपेक्षा होती. ज्यांनी जमीन हललेली पाहिली आहे, त्यांना आमचं भय वेगळं समजावून सांगावं लागणार नाही, अशी.

तुम्ही इथे का येता ते मला ठाऊक आहे. सावरकर 1911 पासून दहा वर्षं जिथे होते ती सेल्युलर जेलमधली कोठडी बघायला येता. तुमच्यातली वडीलधारी माणसं उंबऱ्याला हात लावून तो कपाळाला लावतात, तेव्हा माझेही डोळे भरून येतात. त्या भक्तीला बोल लावायला मी बसलेले नाही. पण तुम्ही ज्या वास्तूपुढे नतमस्तक होता, तिला 26 जून 1941 रोजी 7.7च्या आसपास तीव्रतेच्या भूकंपाने तडाखा दिला होता, हे तुम्हाला कुणी सांगितलं का? समोरच्या रॉस बेटावर ब्रिटिशांचा सगळा कारभार होता. तिथल्या इमारतींची त्याच दिवशी पडझड झाली. पुढच्या मार्चमध्ये जपानी उतरले आणि रॉसचं राजधानीपण कायमचं संपलं. आज तुम्ही त्या बेटावर झाडांच्या मुळ्यांनी वेढलेल्या भिंतींपुढे उभे राहून फोटो काढता. गाइड बेकरी दाखवतो, चर्च दाखवतो, हरणं दाखवतो. भूकंप त्याच्या गोष्टीत नसतो, कारण तुम्ही तो कधी विचारलेला नाही.

तुरुंगाच्या सात विंगांपैकी आता तीन उरल्या आहेत. पाडलेल्या भागाच्या जागेवर गोविंद वल्लभ पंत रुग्णालय उभं आहे. तिकिटाच्या रांगेत उभे राहता तेव्हा ते तुमच्या अगदी शेजारी असतं. दिगलीपूरपासून निकोबारपर्यंत कुणाचंही दुखणं हाताबाहेर गेलं की त्याला बोटीने किंवा हेलिकॉप्टरने इथेच आणतात. आमच्या लाखभर वस्तीच्या शहराचा आणि साऱ्या बेटांचा भार त्या एका ठिकाणावर. मोठ्या धक्क्यात ते रुग्णालय चालू राहील का, हा प्रश्न इथल्या प्रत्येक आईच्या मनात असतो. तुम्ही त्याच्या दारावरून जाता आणि लाइट अँड साउंड शोला वेळेवर पोहोचायची घाई करता.

26 डिसेंबर 2004ची तारीख तुम्हाला आठवत असेल. पण तुमच्या आठवणीत चेन्नईचा मरीना बीच असतो, नागपट्टणम असतं, फार तर थायलंडचं एखादं हॉटेल. आम्ही त्या आठवणीत कुठेच नसतो. त्या दिवशी रविवार होता, नाताळचा दुसरा दिवस. सकाळचे साडेसहा वाजत आलेले. कोयनेचा धक्का बसतो आणि आपण दारापर्यंत पोहोचेतो संपलेला असतो. हा थांबेचना. आम्ही मुलांना घेऊन रस्त्यावर आलो, तरी जमीन हलतच होती. विजेचे खांब डुलत होते, नारळाच्या झाडांवरून नारळ पडत होते, आणि कुणी कुणाशी बोलत नव्हतं. नंतर समजलं की सुमात्राजवळ समुद्रतळाखाली फुटायला लागलेली भेग उत्तरेकडे धावत सुटली होती आणि आमची बेटं ओलांडूनच थांबली होती. सुमारे तेराशे किलोमीटर लांब, 9.1 तीव्रतेचा भूकंप. धक्के ओसरल्यावर लोक घरात परत जायला लागले, कुणी चहा टाकला. पाणी येणार आहे हे सांगणारं कुणी नव्हतं. तशी सूचना देणारी यंत्रणाच देशात नव्हती. ती हैदराबादला 2007च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झाली. तासाभराच्या आत समुद्र खालच्या वस्त्यांत शिरला, जेट्ट्या मोडल्या, फोन बंद पडले.

निकोबारचं जे झालं त्यापुढे आमचं काहीच नव्हतं. कार निकोबारला हवाई दलाचा तळ लाटेखाली गेला. जवान आणि त्यांचे कुटुंबीय मिळून शंभरावर माणसं गेली. सगळ्या बेटांवर मिळून मृत आणि बेपत्ता साडेतीन हजारांच्या आसपास, त्यांतले बहुतेक निकोबारी. वाचलेल्यांना विमानांनी, जहाजांनी पोर्ट ब्लेअरला आणलं आणि शाळांमध्ये छावण्या उघडल्या. आमच्या शाळेतही. आम्ही शिक्षिका बाकं बाजूला लावून तिथे राबत होतो.

मेनलँडहून मदतीच्या पेट्या यायला लागल्या. महाराष्ट्रातून आलेली एक पेटी मीच उघडली, मराठी वर्तमानपत्रात गुंडाळलेले कपडे बघून मला भरून आलं होतं. आत लोकरीचे स्वेटर निघाले. हाताने विणलेले, लहान बाळांचे, कानटोप्यांसकट. ज्या बाईने ते विणले तिच्या मायेबद्दल मी एक शब्द वावगा बोलणार नाही. पण बारा महिने घामाने अंग चिकटतं अशा बेटावरची एक निकोबारी आई तो स्वेटर हातात घेऊन माझ्याकडे बघत राहिली. तिचं घर गेलं होतं, नारळाची बाग गेली होती, डुकरं गेली होती, घरातली माणसं गेली होती. तिला हवी होती होडी, कोयता, आपल्या बेटावर परत जायची बोट. मला तिला काहीच सांगता आलं नाही. आपली माणसं आपल्याला मदत करताहेत आणि आपण राहतो कुठे हेच त्यांना माहीत नाही, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा समजलं. त्यानंतर हेच मी वेगवेगळ्या रूपांत बघत आले आहे.

वंडूरच्या रस्त्याला सिप्पीघाट लागतं. तुमच्या गाड्या तिथे थांबतात, कारण पाण्यावर पक्षी छान दिसतात. ते पाणी 2004 पूर्वी तिथे नव्हतं. तिथे भातखाचरं होती, सुपारीच्या बागा होत्या. त्या एका सकाळी पोर्ट ब्लेअरची जमीन सुमारे एक मीटर खचली आणि भरतीबरोबर आत आलेला समुद्र मग तिथेच राहिला. पुढे कित्येक वर्षं वाळून पांढरी पडलेली झाडं खाऱ्या पाण्यात उभी होती. आमच्या शाळेतल्या शिपाई मावशींचं शेत तिथेच होतं. एकदा मी त्यांच्याबरोबर गेले होते. मोठी ओहोटी होती आणि पाण्याखाली बांधांच्या रेघा पुसट दिसत होत्या. मावशी रस्त्याच्या कडेला उभ्या राहून बोटाने दाखवत होत्या: हा आमचा बांध, त्या पलीकडे दिराचा, तिथे विहीर होती. थोड्या वेळाने पाणी चढलं तशा रेघा दिसेनाशा झाल्या आणि आम्ही बस पकडून परत आलो.

हे का झालं ते मी वर्गात मुलांना शिकवते, तुम्हालाही सांगते. भारताचा भूपट्ट आमच्या बेटांच्या पश्चिमेला खोल खंदकात शिरून आमच्याखाली सरकतो आहे. सरकताना तो वरच्या पट्टाची कडा आपल्याबरोबर ओढत नेतो. ती कडा वाकवलेल्या वेतासारखी ताणली जाते, आणि कधी तरी, अनेक दशकांनी किंवा शतकांनी, सुटते. सुटली की खंदकाकडची बाजू उसळते आणि मागची खचते. 2004 साली उत्तर अंदमानची जमीन वर आली. मायाबंदर-दिगलीपूरच्या बाजूला प्रवाळ पाण्याबाहेर उघडं पडून मेलं. पोर्ट ब्लेअर आणि निकोबार खाली गेले. अगदी दक्षिणेला इंदिरा पॉइंटचं दीपगृह चार मीटरांहून जास्त खचलं, त्याच्या पायथ्याशी समुद्र आला. एकाच भूकंपाने एकाच द्वीपसमूहाचं एक टोक वर उचललं आणि दुसरं बुडवलं. तेव्हाचा ताण तेव्हा मोकळा झाला, पण सरकणं थांबलेलं नाही.

आणि 2004 हा काही एकटा प्रसंग नाही. 1881च्या शेवटच्या दिवशी कार निकोबारजवळ 7.9च्या सुमाराचा भूकंप झाला, त्याची लाट पोर्ट ब्लेअरच्या भरतीमापकावर नोंदली गेली. मग 1941. 2002च्या सप्टेंबरात दिगलीपूरला 6.5. 2009च्या ऑगस्टमध्ये मध्यरात्रीनंतर 7.5, त्या रात्री लाटेचा इशारा निघाला आणि मागे घेतला गेला, मधल्या वेळात आम्ही पोरांना उठवून चढावर उभे होतो. देशाच्या भूकंप-नकाशावर ही बेटं आजवर सगळ्यात धोक्याच्या पट्ट्यातच राहिली आहेत. आम्ही तिथे राहतो.

आता बॅरनबद्दल. तो आमच्या ईशान्येला सुमारे 140 किलोमीटरवर आहे. भारतातला एकमेव जागता ज्वालामुखी म्हणून तुमच्या मुलांच्या भूगोलाच्या पुस्तकात असतो. समुद्रावर जेमतेम साडेतीनशे मीटर दिसतो, पण त्याचं बूड दोन किलोमीटरांहून खाली समुद्रतळावर आहे. 1787 पासून त्याच्या उद्रेकांच्या नोंदी आहेत. ज्याचं नाव आमच्या शहराला मिळालं तो आर्चिबाल्ड ब्लेअर, मुंबईच्या आरमाराचा अधिकारी, 1789 साली इथे वसाहत घालायला आला त्या काळात बॅरन धगधगत होता. नंतर दीडशेहून जास्त वर्षं शांत राहिला आणि 1991 मध्ये परत पेटला. 2004च्या भूकंपानंतर पाच महिन्यांत पुन्हा. 2017च्या जानेवारीत गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे शास्त्रज्ञ अभय मुधोळकर आणि त्यांचे सहकारी त्याच्याजवळ समुद्रतळाचे नमुने घेत असताना त्याने राख फेकायला सुरुवात केली, त्यांनी लांबून त्याची नोंद केली. आपल्याच भाषेतली माणसं तिथे काम करताहेत, हे वाचून मला अभिमान वाटला होता.

बॅरनचा लाव्हा आमच्यापर्यंत येणार नाही. बेटावर वस्ती नाही, आणि त्याचे उद्रेक बहुतेक वेळा सौम्य असतात. मी कुणाला घाबरवत नाहीये. पण 22 डिसेंबर 2018ला इंडोनेशियातल्या अनक क्राकाटाऊची एक बाजू समुद्रात कोसळली आणि उठलेल्या लाटेने चारशेहून जास्त माणसं मारली. आधी मोठा भूकंप झाला नव्हता, म्हणून इशारा निघालाच नाही. लोक किनाऱ्यावर गाण्याचा कार्यक्रम ऐकत होते. भूकंपाच्या धक्क्यावर बेतलेली यंत्रणा अशा लाटेपुढे आंधळी ठरते. उद्या बॅरनला तसंच होईल असं मी म्हणत नाही. ज्वालामुखी जवळ असलेल्या शहराला हा प्रश्न विचारायचा हक्क आहे, एवढंच म्हणते. त्या धुरासमोर तुम्ही बोटीतून सेल्फी घेता तेव्हा, त्याच समुद्राच्या काठावर कुणी तरी राहतं, हे तुमच्या ध्यानात राहावं असं वाटतं.

काही काळापूर्वी मी महाराष्ट्रातून सहली आणणाऱ्या एका टूर कंपनीकडे गेले होते. नाव लिहीत नाही, त्यांना दुखवायचं नाही. म्हटलं, तुमचे लोक हॉटेलात उतरले की पहिल्या संध्याकाळी मला दहा मिनिटं द्या. फुकट येईन, मराठीत बोलेन. जमीन बराच वेळ हलली किंवा उभं राहणं मुश्किल झालं तर सायरनची वाट बघायची नाही, चपला शोधायच्या नाहीत, चढाच्या बाजूला चालत सुटायचं. समुद्र अचानक मागे हटला तर शिंपले वेचायला खाली उतरायचं नाही. पहिली लाट गेली म्हणून परत यायचं नाही. इतकंच सांगायचं होतं. तिथले गृहस्थ नम्रपणे म्हणाले, मॅडम, लोक पैसे भरून आनंदासाठी येतात, अशाने सहलीचा मूड जातो. मी विचारलं, तुमच्या पाहुण्यांत साठी-सत्तरीचे आजी-आजोबा जास्त असतात, त्यांना चढावर न्यायला किती वेळ लागेल याचा विचार केलाय का? त्यांनी चहा मागवला.

मला त्या गृहस्थांचा राग आला नाही. तुम्ही जे मागता तेच ते देतात. तुम्ही समुद्र दिसणारी खोली मागता. त्या खोलीतून बाहेर पडून उंचावर जायची वाट कोणती, हे तुम्ही मागितलं असतंत तर त्यांनी तेही दिलं असतं.

लिटल अंदमानचे ओंगे लोक 2004ला समुद्राची चाल बदललेली बघून वर जंगलात गेले आणि वाचले. त्यांच्याकडे पिढ्यान् पिढ्या सांगत आलेलं शहाणपण होतं. आम्ही मागाहून आलेले, आमच्याकडे ते नाही, म्हणून आम्हाला ते शिकावं लागतं आणि शिकवावं लागतं. घरांच्या बाबतीतही तसंच. इथली जुनी घरं लाकडाची, खाली खांब, वर पत्रा. भूकंपात ती करकरतात, हलतात, पण बहुतेक उभी राहतात. आता सगळीकडे सिमेंट-काँक्रीटचे मजले चढताहेत, त्यांतले बरेच तुमच्यासाठी, म्हणजे पाहुण्यांसाठी. पूर्वी किनाऱ्यावरची खारी वाळू सर्रास वापरली जायची, तिने आतली सळई गंजते. सुप्रीम कोर्टाने 2002 मध्ये किनाऱ्यावरच्या वाळूउपशाला लगाम घातला, ते चांगलंच झालं. पण नीट वाळू, नीट पोलाद मेनलँडहून आणायचं तर खर्च दुप्पट, आणि तपासणारी माणसं थोडी. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक नवी इमारत झाली आहे. तळमजला गाड्यांसाठी मोकळा, नुसत्या खांबांवर, त्यावर खोल्यांचे मजले. माझा मुलगा सिव्हिल इंजिनीअरिंग शिकतोय. सुट्टीत आला तेव्हा तो तिच्यासमोर बराच वेळ थांबला, खांबांची जाडी बघत राहिला आणि मग मला म्हणाला, आई, हिच्या सावलीत उभी राहत जाऊ नकोस. ती इमारत वर्षभर भरलेली असते. रात्री खालून मराठी गाणी ऐकू येतात.

तुम्ही म्हणाल, याचं आम्ही काय करणार, तुमचं सरकार बघेल. इथेच माझी सगळ्यात मोठी तक्रार आहे. आमच्याकडे विधानसभा नाही. लोकसभेत आमचा एक खासदार, महाराष्ट्राचे 48. आमच्या बेटांबद्दलचे निर्णय सुमारे अडीच हजार किलोमीटर लांब दिल्लीत होतात आणि तिथे आमचा आवाज पोहोचत नाही. आता ग्रेट निकोबारला गलाथिया उपसागरात मोठं बंदर, विमानतळ, वीज प्रकल्प आणि नवं शहर व्हायचं आहे. 2022 मध्ये त्याला पर्यावरण मंजुरी मिळाली. सुरुवातीचा अंदाजच 72 हजार कोटींचा होता. गलाथियापासून इंदिरा पॉइंट किती जवळ आहे ते नकाशावर बघा. जी जमीन 2004 साली चार मीटर खचली तिच्याच टोकाला हे सगळं. पुण्याच्या कल्पवृक्ष या पर्यावरण संस्थेत काम केलेले पंकज सेखसरिया कितीतरी वर्षं या बेटांबद्दल, तिथल्या भूकंपाच्या धोक्याबद्दल लिहीत आले आहेत. तुमच्याच राज्यात त्यांची व्याख्यानं होतात. अंदमानच्या सहलीच्या जाहिरातीला होते तेवढी गर्दी तिथेही झाली असती तर मला हे पत्र लिहावं लागलं नसतं.

आणि हा धोका फक्त आमचा आहे असंही समजू नका. 1945च्या नोव्हेंबरात मकरानच्या किनाऱ्याजवळ 8.1चा भूकंप झाला, तेव्हा लाट मुंबईपर्यंत आली आणि मुंबईतही माणसं बुडाली. अरबी समुद्राच्या त्या बाजूलाही असाच खंदक आहे. रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर हॉटेलं बांधणाऱ्यांना हे माहीत आहे का, मला शंका आहे. आमच्याकडे लक्ष दिलंत तर तुमचंच काही तरी हाती लागेल. तेवढ्यासाठी तरी द्या.

आमच्याकडे काहीच सुधारलं नाही असं म्हणणं खोटं होईल. इशाऱ्याची यंत्रणा आहे, किनाऱ्यावर मापकं आहेत, 2020च्या ऑगस्टमध्ये चेन्नईहून समुद्राखालची केबल आली तेव्हापासून फोन आणि इंटरनेट नीट चालतं. शाळांमध्ये सराव होतात. आमची मुलं बाकाखाली शिरायला आणि रांगेने वर चढायला शिकली आहेत. पण धान्य, औषधं, सिमेंट, गॅस सगळं जहाजाने येतं, चेन्नई-कोलकात्याहून यायला तीन-चार दिवस लागतात. जेट्ट्या मोडल्या की आम्ही एकटे. 2004ला ते आम्ही भोगलंय.

तेव्हा माझं मागणं असं आहे. पुढच्या वेळी याल तेव्हा तुरुंग बघा, कोठडीला नमस्कार करा, आणि मग बाहेर पडून सिप्पीघाटला थांबलात की चालकाला विचारा, हे पाणी इथे कसं आलं. तो सांगेल. त्याच्या घरातलंही कुणी तरी त्या गोष्टीत असेल. हॉटेलात चावी घेताना उंचावर जायची वाट विचारा आणि संध्याकाळी एकदा ती चालून बघा. गुडघे दुखत असतील त्यांनी तर नक्कीच. सहल ठरवताना टूरवाल्यांना विचारा की हॉटेलची इमारत कुणी तपासली आहे.

आणि परत गेल्यावर तुमच्या खासदाराला एक पत्र टाका. गोविंद वल्लभ पंत रुग्णालय आणि पोर्ट ब्लेअरच्या शाळा मोठ्या भूकंपात उभ्या राहतील का याची तपासणी झाली आहे का, झाली असेल तर अहवाल कुठे आहे. बॅरनवर चोवीस तास लक्ष ठेवायची काय सोय आहे. गलाथियाच्या बंदराचा आराखडा करताना जमीन पुन्हा चार मीटर खचेल हे धरलंय का. एवढे प्रश्न लोकसभेत विचारले जावेत. 48 जणांपैकी एकाने विचारले तरी चालेल. जे उत्तर मिळेल ते मला पाठवा, मी ते दहावीच्या वर्गात वाचून दाखवीन. मुलं बरेच दिवस मला हेच विचारताहेत.



आपली,
पोर्ट ब्लेअरची एक मराठी शिक्षिका